नाकारलेल्या खेपा

हिस्केने लॅपटॉप पालथ्या बादलीवर ठेवला, त्याची वायर यंत्राच्या पोटात खुपसली आणि मागे न वळताच म्हणाली, "त्या बटणाला हात लावू नका."

गोठ्याच्या मालकाचा, वॉबे डाइक्स्ट्राचा हात लाल बटणापाशी पोचलाच होता. तो तिथेच थांबला.

"गाय आत अडकलीय," तो म्हणाला. "पहाटेपासून."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर बसलीस काय? मागच्या खेपेला तुमचा तो दाढीवाला आला होता. त्यानं बटण दाबलं, यंत्र बंद करून चालू केलं, कॉफी प्यायला आणि गेला."

"आणि मग?"

"मग काय? आठवडा झाला नाही तोवर पुन्हा बंद."

"म्हणूनच सांगतेय, हात लावू नका. गायीला सोडा, बाजूच्या दांड्यानं फाटक उघडतं. पण वीज चालू राहू दे."

वॉबेने दांडा ओढला. यंत्राच्या खोड्यात पहाटेपासून उभी असलेली तांबडी-पांढरी गाय धडपडत बाहेर पडली. दूध काढणारा लोखंडी हात तिच्या कासेखाली लांब होऊन अर्ध्यावरच थिजला होता, तो आता रिकाम्या जागेत तसाच राहिला. खोड्याच्या मागच्या फाटकाशी सगळा गोठा गोळा झाला होता. हंबरण्याचा आवाज पत्र्याच्या छताला लागून खाली येत होता. इथल्या गायी दिवसातून दोन-तीनदा आपल्या पायांनी यंत्रात जात. गळ्यातल्या पट्ट्यावरून यंत्र गाय ओळखे, पुढ्यात खुराक ओते आणि ती खाईपर्यंत दूध काढून मोकळे होई. आज यंत्र कुणालाच ओळखत नव्हते. कासा तटतटल्या होत्या. दोन-चार गायींच्या सडांतून दूध आपोआप ठिबकत होते आणि फटींच्या फरशीतून खाली शेणात जात होते.

"ते बघ," वॉबे म्हणाला. "बघ नीट. आता कुणाच्या सडाला सूज येऊन दगडी झाली तर तुझी कंपनी येणार का शेक द्यायला?"

"मला अर्धा तास द्या."

"अर्धा तास!" त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "आणि तोवर यांचं दूध कोण काढणार? तू?"

हिस्केने त्याच्या खांद्याकडे पाहिले. त्याच्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाले होते, त्या खांद्यापायीच त्याने हे यंत्र घेतले होते, हे तक्रारीच्या कागदात लिहिलेले होते. ते वाचूनच ती आली होती. आज खरे तर तिची सुट्टी होती. दाढीवाला आजारी पडला म्हणून तिच्या साहेबाने, मार्निक्सने, तिला फोन केला होता: जा, बटण दाब, म्हाताऱ्याशी दोन गोड शब्द बोल आणि ये.

"अर्धा तास," ती पुन्हा म्हणाली. "आत्ता बटण दाबलं तर आत जे काही आहे ते सगळं पुसून जाईल. मग तुमचं यंत्र का बंद पडतं ते कुणालाच कळणार नाही. आजवर कळलं नाही ते यामुळेच."

वॉबे तिच्याकडे बघत राहिला. मग काहीतरी पुटपुटत गोठ्याच्या टोकाला गेला आणि तिथून जुने बादलीचे दूधयंत्र डाव्या हाताने फरफटत घेऊन आला. त्याने पहिल्या गायीला खुंट्याशी धरले, वाकला, आणि त्याच्या तोंडून आलेली शिवी गायीला होती की खांद्याला की कंपनीला, ते कळले नाही.

यंत्राच्या दारावर एक निळा स्टिकर होता. *आठवड्यातून एकदा बंद करून चालू करावे.* त्याच्या कडा शेणाच्या हातांनी काळ्या पडल्या होत्या. हिस्केने नखाने त्याचा एक कोपरा उचकटला. तो अर्धाच फाटला.

गेली दोन वर्षे ती प्रत्येक बैठकीत एकच सांगत आली होती. आपला प्रोग्राम काम करताना मेमरी घेतो आणि काम झाल्यावर सगळी परत देत नाही. थोडी थोडी अडकून राहते. कुठून गळते ते शोधायला हवे, नाहीतर एक दिवस जागा संपते आणि सगळे ठप्प होते. दर वेळी मार्निक्स मान डोलावत असे. शेवटी त्यावर उपाय म्हणून त्याने काय केले, तर हे स्टिकर छापून घेतले. बंद करून चालू केले की मेमरी रिकामी होते, यंत्र पुन्हा धावू लागते, आणि गळती कुठे होती त्याचा मागमूसही उरत नाही. एवढ्या सगळ्या गोठ्यांतून एकही शेतकरी असा नव्हता की जो बंद पडलेले यंत्र तसेच ठेवून म्हणेल, या, बघा. आणि कंपनीत तरी कुणाला बघायचे होते?

फोन वाजला. मार्निक्स.

"झालं का?"

"नाही. मेमरीची नक्कल उतरवून घेतेय."

"हिस्के, बटण दाब."

"पंधरा मिनिटांत दाबते."

"तिकडं गायी ओरडताहेत, मला इथं ऐकू येतंय. त्या माणसानं वकिलाचं नाव काढलंय. तुला तपास करायला नाही पाठवलं मी."

"तुला तपास कधीच करायचा नव्हता. म्हणून तर गायी ओरडताहेत," हिस्के म्हणाली आणि फोन ठेवला.  ती पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसली.

नक्कल पुरी झाली तेव्हा तिने स्वतः लाल बटण दाबले. यंत्राने हात आत घेतला, धुतला, फाटक उघडले. गायी एकमेकींना रेटत पुढे आल्या. वॉबे शर्ट भिजलेल्या अवस्थेत तिच्या शेजारून गेला. डाव्या हाताने त्याने उजवा खांदा धरला होता. 

दुधाच्या टाकीच्या खोलीत एक फळी होती, तिच्यावर बसून हिस्केने ती नक्कल उघडली. आत गिचमिड असेल, हजार प्रकारच्या वस्तूंचा ढीग असेल, तो निवडायला आठवडा जाईल असे तिला वाटले होते. तसे काही नव्हते. सगळी जागा एकाच गोष्टीने भरली होती.

गाय खोड्यात शिरली की प्रोग्राम तिच्या खेपेची एक छोटी नोंद करी. कोण आली, कधी आली, दूध काढायचे की नाही. दूध काढले की ती नोंद कायमची साठवली जाई आणि मेमरीतली जागा मोकळी होई. गाय नुकतीच दूध देऊन गेली असेल तर यंत्र तिला नाकारत असे. खुराक नाही, काही नाही, पुढचे फाटक उघडून वाट मोकळी. त्या नाकारलेल्या खेपेची नोंदही तिथल्या तिथे फेकून द्यायची होती. ती कुणी फेकलीच नव्हती. नाकारलेल्या खेपा एकावर एक साचत गेल्या होत्या.

आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या एकाच पट्ट्याच्या होत्या. हिस्के पाने सरकवत गेली. तोच क्रमांक. पुन्हा तोच.

ती तशीच उठून गोठ्यात आली. "हा पट्टा कुणाचा?"

वॉबेने लॅपटॉपकडे डोळे बारीक करून पाहिले. "आक्केचा."

"कोण आक्के?"

"ती काय."

यंत्राच्या रांगेत एक हाडकुळी, काळी-पांढरी गाय उभी होती. मागचा एक पाय ती जरा उचलून टाकत होती. तिची पाळी आली. ती आत गेली, मागचे फाटक लागले. यंत्राने पट्टा वाचला, क्षणभर थांबले, आणि पुढचे फाटक उघडले. आक्के हलली नाही. फाटकाने तिला मागून हळूच ढकलले तेव्हा ती बाहेर पडली, गव्हाणीच्या कडेकडेने, भिंतीला अंग घासत पार पलीकडून वळसा घालून आली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहिली.

"सापडली!" हिस्केने लोखंडी खांबावर तळहात आपटला. "हीच! हिच्यामुळंच बंद पडतंय तुमचं यंत्र!"

तिचा आवाज गोठाभर घुमला. दोन वर्षांचा राग त्यात होता आणि आनंदही होता. बाजूच्या गायी दचकून मागे सरल्या.

वॉबे आक्केकडे बघत होता. "दिवसभर हेच चालतं तिचं," तो म्हणाला. "गेल्या थंडीत फरशीवर घसरली, कंबरेत काहीतरी मोडलं. तेव्हापासून बाकीच्या तिला जगू देत नाहीत. जिथं जाईल तिथं ढुशी. त्या खोड्यात दोन्ही फाटकं लागतात ना, तेवढाच वेळ तिला कुणी हात लावत नाही."

"दूध देते अजून?"

"देते की." त्याने तिच्या शेपटीच्या बुडाशी खाजवले. आक्केने मान लांब केली. "तिच्या आईचं नावही आक्के. आजीचंही. आमच्याकडं घराण्याचं नाव चालतं."

हिस्केचे लक्ष पुन्हा पडद्याकडे गेले होते.

अंगणात येऊन तिने मार्निक्सला फोन लावला. आता तिच्या हातात पुरावा होता. ती भरभर बोलली. नाकारलेल्या खेपांच्या नोंदी सुटत नाहीत, कुणीतरी त्या धरून ठेवतंय, इथं एक गाय दिवसभर फेऱ्या मारते म्हणून इथलं यंत्र सगळ्यांत आधी भरतं.

"म्हणजे एका गायीमुळं?" मार्निक्सने विचारले.

"गायीमुळं नाही, आपल्या प्रोग्राममुळं. गाय फक्त..."

"समजलं, समजलं. शाब्बास. चांगलं काम केलंस." आणि त्याच्या आवाजातला तो अचानक आलेला हलकेपणा तिला कौतुकाचा वाटला.

सोमवारपासून तिने दुसरे काही हाती घेतले नाही. तिला नव्या मोबाइल ॲपचे काम दिलेले होते, ते तिने सरळ बाजूला सारले. ड्राख्टनच्या त्या ऑफिसात सगळे एकाच मोठ्या खोलीत बसत. कुणी खुर्ची सरकवली तरी कळे, आणि हिस्केचे कळफलकावर बोटे आपटणे तर सगळ्यांना ऐकू येत होते. शेजारच्या मुलीने हेडफोन चढवले.

नोंदी कोण धरून ठेवतेय याचा माग ती एकेक धागा ओढत काढत गेली. नोंद करणारा भाग निर्दोष होता. फाटक उघडणारा भाग नोंद वाचून सोडून देत होता. मग तिला इशाऱ्यांचा भाग सापडला आणि ती खुर्चीत मागे रेलली.

तो भाग एका चांगल्या हेतूने लिहिलेला होता. एखादी गाय पुन्हा पुन्हा येऊन नाकारली जात असेल तर तिला काहीतरी होतेय, मालकाने तिच्याकडे बघावे, असा इशारा मालकाच्या फोनवर जायचा. त्यासाठी तो भाग प्रत्येक नाकारलेली खेप जपून ठेवी. पुढे शेतकऱ्यांनी कुरकुर केली की फोन सारखा किणकिणतो. तेव्हा कुणीतरी इशारा पाठवणे बंद करून टाकले होते. खेपा जपून ठेवणे बंद करायचे मात्र राहून गेले. तो भाग अजून इमानेइतबारे साठवत होता. कुणाला सांगायचे नव्हते, कधी टाकून द्यायचे नव्हते, नुसते धरून ठेवायचे होते.

ती उठून मार्निक्सच्या काचेच्या खोलीत गेली. दार लावायचे तिच्या लक्षात राहिले नाही.

"इशारे बंद करायचे कुणी ठरवलं होतं?"

मार्निक्सने चष्मा कपाळावर चढवला. "मी. का?"

"तेव्हा कुणी तपासलं होतं, मागं काय चालू राहिलंय ते?"

"हिस्के, बस."

"मी उभीच बरी आहे. आपणच गळकं करून ठेवलंय आणि दोन वर्षं लोकांना स्टिकर वाटतोय. प्रत्येक गोठ्यात गळतंय, मार्निक्स. बाकीकडं हळू गळतं, एवढाच फरक."

"हळू गळतं ना? मग तोवर आठवडा होतो, ते बंद करून चालू करतात. चाललंय." तो शांतपणे बोलत होता आणि तो शांतपणाच तिला सोसवत नव्हता. "दुरुस्ती कर तू. छान. पण ती सगळीकडं पाठवायची तर चाचण्या हव्यात, माणसं हवीत. वसंतात नवी आवृत्ती निघेल, तिच्यात घालू. आत्ता घाई कसली? डाइक्स्ट्राची तक्रार मिटलीय."

"मिटलीय?"

"बोललो मी त्याच्याशी. समजूतदार माणूस आहे."

"समजूतदार आहे म्हणून त्याच्या तोंडाला पानं पुसतोस?"

बाहेरच्या खोलीत सगळ्यांच्या माना पडद्यांत गेल्या होत्या. मार्निक्सने उठून दार लावले, तिच्या अंगावरून हात लांब करून, तिला धक्का लागू न देता. "घरी जा आज," तो म्हणाला.

ती घरी गेली नाही. जागेवर येऊन बसली आणि दुरुस्ती लिहिली. दुरुस्ती अगदीच लहान होती. एवढ्याशा ओळींसाठी दोन वर्षे, या विचाराने तिचा संताप आणखी वाढला. टेबलावरच्या यंत्रावर तिने ती चालवून पाहिली, पण तिथे गाय खोटी, फाटक खोटे. तिला ती आक्केवर चालवून बघायची होती. कुणाची परवानगी विचारायची नाही असे ठरवून शुक्रवारी सकाळी तिने गाडी काढली. कालव्याच्या कडेचा अरुंद रस्ता भर वाऱ्यात होता आणि समोरून ट्रॅक्टर आला की तिला गाडी मागे घ्यावी लागत होती. प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला तिने मनातल्या मनात शिव्या दिल्या.

गोठा शांत होता. गायी आडव्या पडून रवंथ करीत होत्या. यंत्र आपले काम करीत होते.

"ये ये!" वॉबेने तिला लांबूनच हात केला. त्याने दाढी केली होती. "कॉफी घे आधी. साखरपाव आहे. त्या दिवसापासून एकदाही बंद पडलं नाही, कळलं? तुझ्या हाताला गुण आहे, पोरी. तो दाढीवाला नुसताच दाढीवाला."

"पण मी अजून काहीच केलेलं नाही," हिस्के गोठ्यालगतच्या खोलीत टेबलाशी बसत हसून म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. "दुरुस्ती आत्ता आणलीय. आक्के कुठाय?"

वॉबेने किटली खाली ठेवली.

"गेली की ती."

"कुठं गेली?"

"मंगळवारी गाडी आली होती." तो तिच्याकडे जरा चमकून बघत होता. "कत्तलखान्याची. तुमच्या साहेबाचा फोन आला होता ना? तुला ठाऊक असेल असं वाटलं मला. म्हणाला, आमच्या इंजिनियरबाईंनी कारण शोधलंय, एकाच जनावरामुळं होतंय, ते काढलंत तर यंत्र बिनघोर चालेल. आणि चाललंय बघ."

हिस्केच्या हातातली बशी टेबलाला लागून वाजली.

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"का नाही ऐकायचं?"

"बिनडोक आहात तुम्ही!" ती उभी राहिली होती. "एक फोन आला आणि गाय गाडीत घातली? मला विचारायचं नाही? दोष गायीत नव्हता! गाय काय करत होती, येत होती आणि जात होती! आमच्या लिहिण्यात चूक होती, आमच्या! मी तुम्हाला कधी म्हटलं होतं, की गाय..."

"तूच म्हणालीस," वॉबे म्हणाला.

त्याने आवाज चढवला नव्हता.

"तिथं उभी होतीस, त्या खांबापाशी. 'सापडली' म्हणालीस. 'हीच. हिच्यामुळंच बंद पडतंय तुमचं यंत्र.' त्या साहेबाचं मी ऐकलं नसतं. असले साहेब मी पुष्कळ बघितलेत. मी त्याला फोनवर विचारलं, ती पोरगी असं म्हणते का? तो म्हणाला, तिनंच शोधलंय. मग मी गाडी बोलावली."

 हिस्केला बोलायचे होते ते सगळे खरे होते आणि त्यातले काहीही उपयोगाचे नव्हते. टाकीच्या खोलीतला पंखा सुरू झाला, थोडा वेळ फिरला आणि थांबला.

"पाय धड नव्हता तिचा," वॉबे किटलीकडे बघत म्हणाला. "या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी गेलीच असती." त्याने तिच्या पेल्यात कॉफी ओतली. पेला भरल्यावरही त्याचा हात क्षणभर तसाच राहिला.

कॉफी तशीच ठेवून ती गोठ्यात गेली. यंत्राशी बादली पालथी घालून बसली आणि दुरुस्ती चढवली. हाताला काहीतरी काम हवे होते. दुरुस्ती चढली, यंत्र सुरू झाले. दोन गायी येऊन दूध देऊन गेल्या. नाकारली जाणारी एकही येईना. सगळ्या पोट भरून निवांत पडल्या होत्या. कारण नसताना त्या खोड्यात जाऊन उभे राहावे असे त्यांच्यातल्या कुणालाच वाटत नव्हते.

"तिचा पट्टा काढून ठेवलाय का?" तिने विचारले.

"पट्टा तर काढावाच लागतो." वॉबे आत गेला आणि घेऊन आला. "कशाला हवाय?"

 हिस्केने आक्केचा क्रमांक प्रोग्राममध्ये पुन्हा जिवंत केला, ती आत्ताच दूध देऊन गेली अशी खूण केली, पट्टा हातात धरला आणि मागच्या फाटकातून खोड्यात शिरली. फाटक लागले. आत शेणाचा आणि गोड खुराकाचा वास होता. यंत्राने पट्टा वाचला, थांबले, पुढचे फाटक उघडले. ती बाहेर आली, धावत पडद्याशी गेली, वाकून भरलेल्या मेमरीचा आकडा बघितला, गव्हाणीच्या कडेने वळसा घालून पुन्हा आत शिरली. पुन्हा धावत पडद्याशी. तिसऱ्या खेपेला तिचा बूट फटीत अडकला आणि ती गुडघ्यावर पडली.

वॉबेने तिला दंडाला धरून उठवले. मग तिच्या हातातून पट्टा काढून घेतला.

"तू तिकडं बस," तो म्हणाला. "बघायचं काय ते मला कळत नाही. फिरायचं मला जमेल."

तो आत गेला. टोपी काढून हातात घेतली होती, का कोण जाणे. यंत्राने त्याला नाकारले. तो बाहेर पडला, वळसा घालून सावकाश आला, पुन्हा गेला. दर खेपेला पडद्यावरचा आकडा किंचित वर चढत होता आणि फाटक उघडले की होता तिथे परत येत होता. चढला, उतरला. गायी मान वळवून मालकाकडे बघू लागल्या होत्या.

फोन वाजला. हिस्केने तो कानाला लावला, डोळे आकड्यावरून न हलवता.

"कुठं आहेस तू?" मार्निक्स.

"डाइक्स्ट्राकडं. चाचणी चालू आहे."

"कसली चाचणी? ती गाय तर नाहीये आता."

"हो. म्हणून मालकावर चालू आहे."

"काय?"

"ही दुरुस्ती मी आज सगळ्या गोठ्यांना पाठवणार आहे. माझ्या नावानं. वसंताची वाट बघणार नाही. तुला मला काढायचं असेल तर सोमवारी काढ." तिला वाटले होते की हे बोलताना आपला आवाज चढेल. तो चढला नाही. मार्निक्स पुढे काय म्हणाला ते तिने ऐकून घेतले आणि फोन खिशात टाकला.

वॉबे फाटकाशी थांबला होता. चालून त्याला धाप लागली होती.

"काय म्हणतंय?"

"चाललंय. आता गळत नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्याने पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "म्हणजे," तो म्हणाला, "ती असती, तरी चाललं असतं?"

हिस्केने पडद्यावरून नजर काढली आणि त्याच्याकडे पाहिले.

"हो," ती म्हणाली.

वॉबेने मान हलवली. वाऱ्याने पत्रा एकदा वाजला.

"अजून किती फेऱ्या हव्यात तुला?"

"पुरे झाल्या."

"बरं," तो म्हणाला, आणि वळून पुन्हा आत गेला. मागचे फाटक लागले. हिस्के आकडा बघत बसून राहिली.